पक्ष्यांच्या स्वादुपिंडातील संप्रेरक-पेशी : ओळख आणि पुरावा

स्वादुपिंड ही एकाच वेळी दोन कामे करणारी ग्रंथी आहे. तिचा फार मोठा भाग पाचक रस तयार करून तो नलिकांवाटे आतड्यात सोडतो, आणि याच भागात विखुरलेले पेशींचे लहान लहान समूह नलिकेचा आधार न घेता आपली रसायने थेट रक्तात मिसळतात. या रसायनांना संप्रेरके आणि त्या समूहांना लँगरहान्सची द्वीपके म्हणतात. एखाद्या पेशीत कोणते संप्रेरक साठलेले आहे हे साध्या सूक्ष्मदर्शकाला सांगता येत नाही, कारण न रंगवलेल्या कापात या सर्व पेशी जवळपास सारख्याच फिकट दिसतात. त्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या ओळखण्यासाठी प्रथम रंजके, मग चांदीचे क्षार, त्यानंतर प्रतिपिंडे आणि अखेरीस जनुकांचे संदेश अशी साधने एकामागून एक आली, आणि प्रत्येक नव्या साधनाने आधीच्या साधनाची एखादी तरी त्रुटी उघडी पाडली. या इतिहासात पक्ष्यांचे स्थान दुय्यम मानण्याची प्रथा आहे, ती योग्य नाही. कुत्रा, ससा आणि माणूस यांच्यावरून बांधलेले आडाखे पक्ष्यांनी वारंवार मोडले, आणि स्वादुपिंडाचे एक संप्रेरक तर आधी कोंबडीत सापडले व मागाहून माणसात.

या विषयाकडे पालघर जिल्ह्यातून पाहण्याला एक साधे कारण आहे. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मध्ये असलेल्या वाणगावच्या परिसरात मिरचीची शेते, चिकूच्या बागा, भातखाचरे आणि खाडीकाठ एकमेकांना लागून असल्याने आहाराच्या दृष्टीने अगदी भिन्न पक्षी थोडक्या अंतरात नांदतात. बागेतील बुलबुल आणि कोकीळ फळांवर, शिंजीर फुलांतील मधावर, होला आणि पारवा दाण्यांवर, गायबगळा किड्यांवर, खंड्या माशांवर आणि पिंगळा उंदीर-किड्यांवर जगतो. आहारातील साखर, प्रथिने आणि चरबी यांचे प्रमाण इतके वेगळे असताना या सर्वांची द्वीपके एकसारखी असतील असे मानता येत नाही. मात्र रानपक्षी पकडून त्यांची ग्रंथी काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि ते योग्यही नाही. त्यामुळे अभ्यासासाठी सहज मिळणारा पक्षी एकच उरतो, तो म्हणजे कोंबडी. चिकनच्या दुकानातला ब्रॉयलर आणि आदिवासी पाड्यांवर घरोघरी पाळली जाणारी गावठी कोंबडी. सुदैवाने जगभरातील बहुतेक मूलभूत कामही याच पक्ष्यावर झालेले आहे.

कोंबडीचे पोट उघडल्यावर जठरातून निघणारा आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, लांबट फासासारखा वळलेला दिसतो, आणि त्या फासाच्या दोन भुजांच्या मध्ये जी फिकट गुलाबी, मऊ पट्टी दडलेली असते तेच स्वादुपिंड होय. दुकानात कोंबडी साफ करताना ते आतड्याबरोबरच टाकून दिले जाते. या पट्टीचे चार खंड मानले जातात. आद्यांत्राला लागून असलेले पृष्ठीय आणि अधर हे दोन मोठे खंड, तिसरा खंड या साध्याच नावाने ओळखला जाणारा एक, आणि प्लीहेच्या दिशेने गेलेला एक अगदी अरुंद, लहानसा खंड. हा शेवटचा खंड आकाराने इतका नगण्य असतो की तो घाईत हातातून निसटतो, आणि नेमके त्याच्याच निसटण्याने पुढे सांगितलेला एक मोठा गोंधळ वाढला.

१८६९ मध्ये पाउल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने बर्लिनमध्ये आपल्या प्रबंधात सशाच्या स्वादुपिंडातील लहान, फिकट पेशींचे पुंजके प्रथम वर्णिले, पण त्यांचे कार्य काय असावे हे त्याने सांगितले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला तीव्र मधुमेह होतो हे दाखवले, आणि १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना लँगरहान्सचे नाव देऊन ते रक्तात काहीतरी सोडत असावेत असा तर्क मांडला. येथपर्यंतची कथा सर्व पाठ्यपुस्तकांत असते. तिच्यात सहसा न येणारा भाग असा की मिंकोव्हस्कीने हाच प्रयोग बदकांवर केला तेव्हा कुत्र्यासारखा टिकाऊ मधुमेह झाला नाही, आणि त्यानंतर इतरांनाही धान्य खाणाऱ्या पक्ष्यांत तसाच अनुभव आला. उलट १९४२ मध्ये अमेरिकेत घुबडाचे स्वादुपिंड काढल्यावर मात्र मधुमेह झाल्याची नोंद झाली. मांसाहारी पक्षी कुत्र्यासारखा वागतो आणि धान्यभक्षी पक्षी तसा वागत नाही, या विसंगतीचे उत्तर केवळ शस्त्रक्रियेतून मिळण्यासारखे नव्हते. ग्रंथीच्या कोणत्या भागात कोणती पेशी आहे हे आधी कळणे आवश्यक होते.

पेशींचे प्रकार वेगळे करण्याची सुरुवात रंगांनी झाली. १९०७ मध्ये लेन याने शिकागो येथे निरनिराळ्या स्थिरीकारक द्रवांचा, म्हणजे ऊतक कुजू न देता जसेच्या तसे टिकवणाऱ्या रसायनांचा, वापर करून द्वीपकांतील पेशींचे दोन गट पाडले आणि त्यांना ए आणि बी अशी नावे दिली. १९३१ मध्ये ब्लूमने माणसाच्या द्वीपकांत तिसरी डी-पेशी वेगळी ओळखली. १९४१ मध्ये गोमोरीने क्रोम-तुरटी आणि हिमॅटॉक्झिलिन यांचे, तर १९५० मध्ये आल्डिहाइड-फुक्सिन या रंजकाचे तंत्र दिले. या दुसऱ्या तंत्रात काप प्रथम ऑक्सिडीकृत केला जातो आणि मग बी-पेशींतील कण गडद जांभळे दिसू लागतात. बी-पेशींत साठणाऱ्या, रक्तातील साखर उतरवणाऱ्या इन्शुलिन या संप्रेरकात गंधकाचे बंध भरपूर असतात आणि हे रंजक अशाच गंधकयुक्त गटांना धरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि हेच रंजक लवचीक तंतूंना आणि मास्ट-पेशींनाही जांभळे करते, त्यामुळे जांभळा रंग हा इन्शुलिनचा पुरावा न ठरता फक्त संशय घेण्याचे कारण ठरतो.

चांदीच्या तंत्रांनी एक पाऊल पुढे टाकले. काही पेशी चांदीचा क्षार शोषून घेतात आणि त्यावर रासायनिक क्रिया केली की धातुरूप चांदी साठून त्या काळ्या दिसतात. उप्साला येथील हेलमन आणि हेलरस्ट्रोम यांनी १९६० मध्ये बदक आणि कोंबडी यांच्याच द्वीपकांवर हे तंत्र लावले आणि जुन्या रंगांनी ए-पेशी म्हणून एकत्र मोजल्या गेलेल्या पेशींत प्रत्यक्षात दोन वेगळ्या जाती आहेत या मताला बळ दिले. त्यांतली चांदीने काळी होणारी जात म्हणजे आजची डी-पेशी. १९६८ मध्ये ग्रिमेलियसने चांदीचे वेगळे तंत्र दिले, त्यात मात्र ग्लुकॅगॉन हे संप्रेरक साठवणाऱ्या खऱ्या ए-पेशी काळ्या होतात. एकाच धातूच्या दोन पाककृतींनी दोन भिन्न पेशी काळ्या व्हाव्यात, यावरून रंगावर विसंबून पेशीला नाव देणे किती जोखमीचे होते याची कल्पना येते.

या साधनांच्या जोरावर पक्ष्यांतील जे वैशिष्ट्य पक्के झाले ते असे. बहुतेक सस्तन प्राण्यांत एकाच द्वीपकात ए, बी आणि डी या पेशी एकत्र राहतात, तर पक्ष्यांत द्वीपकेच दोन जातींची असतात. एका जातीत मुख्यतः ए-पेशी आणि त्यांच्या जोडीला काही डी-पेशी असतात; ही द्वीपके आकाराने मोठी असतात आणि साध्या रंगात गडद दिसतात, म्हणून त्यांना ए-द्वीपके किंवा गडद द्वीपके म्हणतात. दुसऱ्या जातीत बी-पेशी आणि काही डी-पेशी असतात. ही लहान आणि फिकट असतात. दोन्हींचे मिश्रण असलेली द्वीपकेही आढळतात. कोंबडीत बी-द्वीपके सर्व खंडांत पसरलेली असतात, पण ए-द्वीपके तिसऱ्या खंडात आणि प्लीहेकडील खंडात एकवटलेली असतात. याचा अर्थ असा की पृष्ठीय खंडाचा काप पाहून कोंबडीत ग्लुकॅगॉनच्या पेशी विरळ असतात असा निष्कर्ष काढणारा आणि प्लीहेकडील खंड पाहून त्या विपुल असतात असे म्हणणारा, दोघेही आपापल्या कापापुरते बरोबर आणि कोंबडीपुरते चूक ठरतात.

मिकामी आणि ओनो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये या मांडणीचा फार कुशल उपयोग केला. त्यांनी कोंबडीतील ए-द्वीपके असलेला भागच तेवढा काढून टाकला. स्वादुपिंड काढल्यावर साखर वाढते हा कुत्र्यावरचा धडा. येथे मात्र रक्तातील साखर घसरली. ग्लुकॅगॉन हे यकृतातील साखर रक्तात आणणारे संप्रेरक असल्याने त्याच्या अभावी असे होणे स्वाभाविक होते, आणि फ्रान्समध्ये मियाल यांनी १९५० च्या दशकात बदकांवर केलेल्या कामातूनही ग्लुकॅगॉनचे हेच प्राबल्य पुढे आले होते. जुन्या शस्त्रक्रियांतून प्लीहेकडील खंड मागे राहून जात असे, हे लक्षात घेतले की मिंकोव्हस्कीच्या बदकापासूनच्या गोंधळाचा काही भाग उलगडतो. कोंबडीच्या दर १०० मिलिलीटर रक्तद्रवात साखर २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, माणसाच्या उपाशीपोटीच्या पातळीच्या दुपटीहून अधिक. तिच्या स्वादुपिंडात ग्लुकॅगॉनचा साठा सस्तन प्राण्यांच्या मानाने कितीतरी जास्त आणि इन्शुलिनचा साठा बराच कमी असतो. माणसाला मधुमेही ठरवणारी साखर हा पक्षी आयुष्यभर निरोगी राहून वाहतो, आणि म्हणूनच मधुमेहाच्या अभ्यासकांना त्याच्याविषयी कुतूहल वाटते.

रंजकांचे युग संपवणारे साधन प्रतिरक्षाशास्त्रातून आले. शरीरात परके प्रथिन शिरले की त्याला ओळखून चिकटणारे प्रथिन तयार होते, त्याला प्रतिपिंड म्हणतात. एखादे संप्रेरक दुसऱ्या प्राण्यात टोचून त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड मिळवावे, त्याला चमकणारे रसायन किंवा रंग उत्पन्न करणारे विकर जोडावे आणि ते ऊतकाच्या कापावर सोडावे, म्हणजे संप्रेरक असेल त्याच पेशीवर खूण उमटते, असे हे तत्त्व. अल्बर्ट कून्स यांनी चमकणाऱ्या प्रतिपिंडांचे तंत्र १९४० च्या दशकारंभी मांडले, १९५० च्या दशकाअखेरीस ते इन्शुलिनच्या पेशींसाठी वापरले गेले, आणि १९७० मध्ये स्टर्नबर्गर यांच्या, पेरॉक्सिडेज या विकरावर आधारलेल्या पद्धतीने साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकावरही तपकिरी रंगात तेच पाहणे शक्य झाले. १९८१ पासून प्रचारात आलेली अधिक संवेदनशील पद्धत अव्हिडिन या प्रथिनावर आधारलेली आहे, आणि अव्हिडिन मिळते कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून. कोंबडी तपासण्याचे हत्यारही कोंबडीनेच पुरवावे, हा योगायोग गमतीचा खरा. इन्शुलिनविरुद्धचे प्रतिपिंड बहुधा गिनीपिगमध्ये तयार करतात, कारण गिनीपिगचे स्वतःचे इन्शुलिन इतरांपेक्षा इतके निराळे असते की बैलाचे किंवा डुकराचे इन्शुलिन त्याच्या शरीराला ठळकपणे परके वाटते.

पक्ष्यांच्या बाबतीत येथेच एक सूक्ष्म अडचण उभी राहते. बाजारात मिळणारी प्रतिपिंडे बहुतेक सस्तन प्राण्यांच्या संप्रेरकांविरुद्ध केलेली असतात, आणि पक्ष्याचे संप्रेरक त्यांच्याशी कितपत जुळते यावर खूण उमटणे अवलंबून राहते. कोंबडीचे ग्लुकॅगॉन २९ अमिनो आम्लांच्या साखळीत सस्तन प्राण्यांच्या ग्लुकॅगॉनपेक्षा फक्त एका जागी वेगळे आहे, पण ती जागा अठ्ठाविसावी, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाजवळची आहे. स्वादुपिंडातील ग्लुकॅगॉन आणि आतड्यातील त्याची भावंडे यांच्यात फरक करण्यासाठी मुद्दाम शेवटच्या टोकाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली जातात, आणि नेमकी तीच पक्ष्यावर कमी पडण्याची शक्यता असते. बदकात तर आणखी एका जागी बदल आहे. कोंबडीचे इन्शुलिनही काही जागी वेगळे असून सस्तन प्राण्यांच्या इन्शुलिनग्राहकावर ते डुकराच्या इन्शुलिनपेक्षा अधिक जोरकसपणे बसते. त्यामुळे एखाद्या पक्ष्यात अमुक पेशी नाही असे लिहिलेले आढळले की ती पेशी नाही, की तिला ओळखणारे प्रतिपिंड वापरले गेले नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उलट बाजूची फसगत, म्हणजे नसलेले दिसणे, अधिक बोधप्रद आहे, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण कोंबडीच्याच एका संप्रेरकाभोवती घडले. १९६८ च्या सुमारास किमेल, पोलॉक आणि हेझलवूड हे अमेरिकेत कोंबडीचे इन्शुलिन शुद्ध करत असताना त्यांना एक अनोळखी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, वेगळी होताना आढळली. इन्शुलिनचे शुद्धीकरण करणाऱ्याने ती अशुद्धी म्हणून फेकून दिली असती तरी कोणी दोष दिला नसता. या तिघांनी ती जपली. ३६ अमिनो आम्लांच्या या साखळीला पक्षी-स्वादुपिंड-पॉलिपेप्टाइड असे नाव मिळाले, १९७५ मध्ये तिची संपूर्ण रचना प्रसिद्ध झाली, आणि त्याच दशकात गुरे, डुक्कर आणि माणूस यांच्यातही तिची समकक्ष साखळी रोनाल्ड चान्स यांना सापडली. कोंबडीत हे संप्रेरक जठरातील आम्लाचा स्राव वाढवते आणि यकृतातील ग्लायकोजेन कमी करते. १९८१ मध्ये टर्कीच्या याच संप्रेरकाचे स्फटिक घेऊन ब्लंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना क्ष-किरणांनी अत्यंत बारकाईने उलगडली.

पेशीचा पत्ता शोधण्याचे काम मुख्यतः स्वीडनमधील लार्सन, सुंडलर आणि हाकान्सन यांनी केले. कोंबडीच्या स्वादुपिंडावर त्यांनी या संप्रेरकाविरुद्धचे प्रतिपिंड सोडले तेव्हा ज्या पेशी उजळल्या त्या ए, बी, डी यांपैकी कोणत्याही नव्हत्या. ती चौथी जात होती. शिवाय त्या पेशींपैकी पुष्कळशा द्वीपकांत नसून पाचक रस तयार करणाऱ्या ऊतकात एकेकट्या किंवा दोन-चारच्या गटाने विखुरलेल्या होत्या. जे अभ्यासक केवळ द्वीपके पाहत आले होते त्यांना त्या दिसणे शक्यच नव्हते. संप्रेरक-पेशी म्हणजे द्वीपक हे समीकरण पक्ष्यांपुरते तरी येथे मोडले, आणि स्वादुपिंडाच्या कोणत्याही मोजणीत द्वीपकांबाहेरचा भाग धरणे आवश्यक झाले.

फसगत झाली ती यानंतर. पक्ष्याच्या या संप्रेरकाविरुद्धची प्रतिपिंडे सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर आणि चेतातंतूंवर सोडली तेव्हा तेथेही ठळक खुणा उमटल्या, आणि १९७० च्या दशकाअखेरीस स्वादुपिंडाचे संप्रेरक मेंदूतही असते असे लेख प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये तातेमोतो आणि मुट यांनी डुकराच्या मेंदूतून ३६ अमिनो आम्लांचेच एक वेगळे पेप्टाइड वेगळे केले, ते न्यूरोपेप्टाइड वाय. त्याची रचना कोंबडीच्या संप्रेरकाशी इतकी मिळतीजुळती निघाली की मेंदूत उजळलेल्या पेशींत खरोखर होते ते हेच, स्वादुपिंडाचे संप्रेरक नव्हे, हे लवकरच स्पष्ट झाले. प्रतिपिंड खोटे बोलले नव्हते. ते ज्या छोट्या तुकड्याला ओळखत होते तो तुकडा दोन्ही रेणूंत होता. या प्रकरणानंतर जबाबदार लेखक अमुक संप्रेरकाची पेशी असे थेट न लिहिता अमुक संप्रेरकासदृश प्रतिरक्षा-प्रतिक्रिया दाखवणारी पेशी असे लांबलचक लिहू लागले. भाषा जड झाली, पण दावा पुराव्याच्या मापाचा झाला, आणि शास्त्रीय लेखनात हा व्यवहार फायद्याचाच म्हटला पाहिजे.

डी-पेशींचे कोडे त्या मानाने सरळ सुटले. १९७३ मध्ये गीयमँ यांच्या प्रयोगशाळेत वाढ-संप्रेरकाला आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन हे पेप्टाइड मेंदूतील अधश्चेतकातून वेगळे झाले आणि दोन वर्षांच्या आत ते डी-पेशींतही असल्याचे प्रतिपिंडांनी दाखवले. १९७६ मध्ये कोंबडीच्या स्वादुपिंडात त्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त असल्याची नोंद झाली, आणि रंजकांच्या काळापासून पक्ष्यांच्या दोन्ही जातींच्या द्वीपकांत डी-पेशी का दिसत आल्या याला अर्थ प्राप्त झाला. अलीकडे जपानी अभ्यासकांनी कोंबडीच्या ए-पेशींत ग्लुकॅगॉनबरोबर जीएलपी-१ हे संप्रेरकही असल्याचे दाखवले आहे. दोन्ही संप्रेरके एकाच मोठ्या पूर्व-प्रथिनाचे तुकडे आहेत, त्यामुळे एक पेशी एक संप्रेरक हा नियमही सैल धरावा लागतो.

संप्रेरक-पेशी येतात कोठून, या प्रश्नाचा निकालही पक्ष्यांच्या गर्भावर लागला. १९६० च्या दशकाअखेरीस पिअर्स यांनी असे मत मांडले की पेप्टाइड संप्रेरके बनवणाऱ्या पेशी चेताशिखेतून, म्हणजे गर्भातील चेतासंस्थेच्या कडेवरून स्थलांतर करणाऱ्या पेशींतून, येत असाव्यात. या पेशींत आणि चेतापेशींत काही रासायनिक गुण समान असल्याने हे मत आकर्षक होते. फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांना लावा आणि कोंबडी यांच्या पेशींतला एक साधा फरक उपयोगी पडला. लावाच्या केंद्रकात केंद्रिकेभोवती गुणसूत्रद्रव्याचा (क्रोमॅटिनचा) गडद गोळा असतो, कोंबडीच्या केंद्रकात तो नसतो. कोंबडीच्या गर्भात लावाची चेताशिखा बसवली की पुढे लावाच्या पेशी कोठे जाऊन पोचल्या हे साध्या रंगाने कळते. १९७० च्या दशकातील या प्रयोगांत लावाच्या पेशी स्वादुपिंडात पोचल्या खऱ्या, पण त्या तेथील चेतापेशी झाल्या. ए आणि बी-पेशी मात्र कोंबडीच्याच राहिल्या. म्हणजे द्वीपके आतड्याच्या अंतःस्तरातूनच निर्माण होतात, हे ठरले. एकवीस दिवसांच्या उबवणीत कोंबडीच्या पिलाच्या स्वादुपिंडात ग्लुकॅगॉनच्या पेशी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, इन्शुलिनच्या पेशींच्या आधी, दिसू लागतात.

भारतात या विषयावर काम फार नाही, पण जे आहे ते उल्लेखनीय आहे. १९७८ मध्ये गुहा आणि घोष यांनी काही भारतीय पक्ष्यांच्या अंतःस्रावी स्वादुपिंडाचा पेशीरचनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे आणि उपयुक्ततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम पुण्याचे आहे. पुण्यात मधुमेहाच्या संशोधनासाठी द्वीपके वेगळी करण्याचे काम करणारे रमेश भोंडे, सविता दातार आणि सहकारी यांनी २००६ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या स्वादुपिंडातील बी-द्वीपके शरीराबाहेर काढून, इन्शुलिनच्या स्रवणाला चालना देणारी द्रव्ये तपासण्यासाठी ती उंदरांच्या द्वीपकांना पर्याय म्हणून वापरता येतील असे दाखवले. पक्ष्यांत बी-द्वीपके वेगळी असतात हे वैशिष्ट्य, जे शरीररचनेच्या पुस्तकात केवळ एक नवल म्हणून नोंदले जाते, ते येथे थेट कामाला आले. इन्शुलिनचा अभ्यास करायचा असताना ग्लुकॅगॉनच्या पेशींची सरमिसळ कमी असणे हा मोठाच लाभ आहे. त्याआधी २००५ मध्ये दातार आणि भोंडे यांनी कवचाबाहेर वाढवलेल्या कोंबडीच्या गर्भावर जास्त ग्लुकोजचे दुष्परिणाम तपासले होते. उंदरांच्या प्रयोगशाळा सांभाळण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या यांचा विचार करता कोंबडीचा पर्याय लहान महाविद्यालयांच्या आवाक्यात येऊ शकतो.

येथेही ओळखीचा प्रश्न सुटत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. वेगळी केलेली द्वीपके ओळखण्यासाठी सर्वत्र डायथायझोन हे द्रव्य वापरले जाते. ते जस्ताशी संयोग पावून लाल होते, आणि बी-पेशींच्या कणांत इन्शुलिनबरोबर जस्त साठलेले असल्याने द्वीपके लाल दिसतात. म्हणजे हाही आल्डिहाइड-फुक्सिनसारखाच अप्रत्यक्ष पुरावा झाला, जो दिसतो तो जस्ताचा. तो पक्का होतो तो ग्लुकोज दिल्यावर त्याच द्वीपकांतून इन्शुलिन स्रवते हे मोजल्यावर. रचनेचा पुरावा आणि कार्याचा पुरावा जेथे एकाच ठिकाणी येतात, तेथेच पेशीला नाव द्यावे. पुण्याच्या कामाचे महत्त्व अशा जोडणीत आहे.

२००४ मध्ये कोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून तिसऱ्या प्रकारचा पुरावाही हाताशी आला आहे. पेशीत संप्रेरकाचे प्रथिन साठले आहे की नाही हे प्रतिपिंड सांगते, पण ते प्रथिन तेथेच तयार झाले की बाहेरून आले हे ते सांगत नाही. त्या संप्रेरकाचा जनुक-संदेश, म्हणजे आरएनए, त्याच पेशीत आढळला तर निर्मितीची खात्री पटते. जनुकाचा क्रम माहीत असल्याने कोंबडीच्याच रेणूशी जुळणारे शोधक तयार करता येतात आणि सस्तन प्राण्यांची प्रतिपिंडे उसनी वापरण्याची गरज कमी होते. तरीही या तंत्रांनी प्रतिपिंडांना हटवलेले नाही, आणि हटवण्याचे कारणही नाही, कारण ऊतकाच्या कापावर पेशी कोठे आहे, कोणाच्या शेजारी आहे आणि द्वीपकाच्या आत आहे की बाहेर, हे एका नजरेत दाखवण्यात आजही प्रतिपिंड-अभिरंजनाइतके स्वस्त आणि स्पष्ट दुसरे काही नाही.

प्रकाशित अभ्यासांचा एकूण ढीग पाहता त्यांतील तुलना अवघड करणारी उणीव तंत्राची नसून नोंदीची आहे. कोंबडी, लावा, पारवा, बदक, हंस, शहामृग अशा पक्ष्यांवर लेख आहेत, पण पुष्कळांत काप कोणत्या खंडाचा, पक्ष्याचे वय किती, तो खाल्लेला होता की उपाशी, यांपैकी एखादी गोष्ट तरी सुटलेली असते. स्वादुपिंडात स्वतःलाच पचवणारी विकरे भरलेली असल्याने प्राणी मेल्यावर काही मिनिटांतच पेशी बिघडू लागतात, आणि कोकणपट्टीच्या उष्म्यात हा काळ आणखी आखूड होतो. ऊतक किती वेळाने स्थिरीकारकात टाकले हे न सांगता फिक्या पेशींवरून काढलेले निष्कर्ष त्यामुळे संशयास्पद ठरतात. रक्तपेशींत स्वतःचेच पेरॉक्सिडेजसारखे क्रियाशील पदार्थ असतात, ते आधी निकामी केले नाहीत तर संप्रेरक नसलेल्या जागीही तपकिरी रंग उमटतो. प्रतिपिंडाला आधीच शुद्ध संप्रेरकात मुरवून निष्प्रभ केल्यावर खूण नाहीशी होते की नाही, ही पडताळणी सर्वांत महत्त्वाची असूनही खर्चाच्या कारणाने ती सर्वांत आधी गाळली जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर पदवीच्या वर्गांतून प्राण्यांचे विच्छेदन बंद झाले आहे, आणि त्या निर्णयाला वळसा घालण्याची येथे गरज नाही. वाणगाव, बोईसर, पालघर किंवा डहाणूच्या बाजारात खाण्यासाठीच कापलेल्या कोंबडीचे टाकून दिले जाणारे स्वादुपिंड वापरण्यासाठी एकाही प्राण्याला मारावे लागत नाही. एकाच वयाचा, सतत खाद्य खाऊन झपाट्याने वाढलेला ब्रॉयलर आणि दिवसभर अंगणात टिपत हिंडणारी गावठी कोंबडी यांच्या ए-द्वीपकांची तुलना हा या जिल्ह्यातील प्राणिशास्त्र विभागांना सहज करता येण्यासारखा, आणि करण्याच्या योग्यतेचा विषय आहे. त्यासाठी दुकानदाराला आधी सांगून फॉर्मॅलिनची बाटली त्याच्या ओट्याशी नेऊन ठेवावी, चारही खंड वेगळ्या बाटल्यांत घ्यावेत, प्रत्येक बाटलीवर खंड, जात, वय आणि वेळ लिहावी, प्लीहेकडचा लहान खंड हातचा जाऊ देऊ नये, आणि एवढ्या नोंदी पूर्ण झाल्याशिवाय एकही पेशी मोजू नये.